पोत्यावरचं पाव्हणं

मी शाळंत गेलो तो एकदाच. आमचं रेडकू आत शिरलं हुतं, ते हाकलाय. त्यामुळं नेम, कायदं, बारकावं आसलं काय मला इचारू नका. तरी एक दीस मी पंच झालो, आन् माझं सोनं झालं.

लढाई संपली तवा आमच्या गावची लय पोरं पलटणीतनं घरी आली. कुणी घड्याळ आणलं, कुणी जाडजूड कोट आणला. आमच्या आळीतल्या एका फौजीनं खेळ आणला. आसामाकडं मोटारी हाकताना त्यानं अमेरिकन गोरं बेसबॉल खेळताना बघितलं हुतं. मिरजंच्या टेसनात उतरला तवा ट्रंक हमालाच्या डोक्यावर आन् दांडका सोताच्या खांद्यावर.

माळावर भुसा भरलेली चार पोती चौकोनात टाकायची. एकानं चेंडू फेकायचा, दुसऱ्यानं दांडक्यानं हाणायचा आन् पोत्यापोत्यानं पळत फेरा पुरा करायचा. पोत्यावर पाय आसंल तोवर गडी जिवंत. पोत्याबाहेर घावला आन् चेंडू अंगाला टेकवला, की आऊट. फौजीला येवढंच येत हुतं, म्हणून आमाला बी येवढंच आलं.

मला कोण खेळाय घेईना. पळाय लागलो की धोतर एकीकडं आन् मी एकीकडं. फौजी म्हणाला, "गड्या, तू पंच हो." मला वाटलं मान दिला. मागनं कळलं, कुठल्याच बाजूला मी नको हुतो.

तवा माझं लगीन जमत नव्हतं. स्थळ यायचं, मी दोन शब्द बोललो की चा तसाच ठिवून उठायचं. आमच्या यात्रंला कडेगावाकडनं एक स्थळ आलं. पोरीचं वडील, पोरीचा भाऊ आन् संगं भावकीतलं धा-बारा गडी. आई सकाळीच म्हणाली, "आज तोंड उघडू नगंस. ह्ये स्थळ गेलं तर मारुतीच्या देवळात जाऊन बस. त्येचं बी लगीन झालं न्हाई."

दुपारी फौजीनं माळावर खेळ मांडला. ते बघून पाव्हण्यांस्नी चेव आला. "आमी बी खेळतो!" झालं, आमचं गाव एकीकडं, माझी व्हणारी सासरवाडी एकीकडं, आन् मधी मी पंच. तोंड न उघडता पंचगिरी कशी करायची, ह्ये आईनं सांगितलं नव्हतं.

खेळ रंगात आला. पोरीचा भाऊ दुसऱ्या पोत्यावर उभा हुता. पोरीच्या वडलांनी, सगळी त्येंला आबा म्हणायची, धोतराचा काचा मारला आन् टोला हाणला. आन् पळत सुटलं खाली मान घालून. पहिल्या पोत्यावर थांबायचं तर ते बी ओलांडून थेट दुसऱ्यावर. तिथं तर लेक उभा.

लेकानं बापाला बघितलं आन् पोत्यावरनं खाली उतरला. "या आबा, या. बसा."

आबा दमल्यालं. बसलं की मांडी घालून! पोतं दिलं तर माणूस बसणारच. लेक शेजारी उभा ऱ्हाऊन फेट्याच्या शेवानं वारा घालाय लागला. तेवढ्यात आमच्या गड्यानं चेंडू आणून लेकाच्या पाठीला टेकवला.

"आऊट!"

"आऊट कसा? बापाला जागा दिली तर आऊट? असला कसला रं तुमचा खेळ?"

"पोतं सोडलंय त्यानं!"

"मग काय बापाला उन्हात उभा करायचा?"

सगळी माझ्याकडं बघाय लागली. मी म्हणालो, "आऊट." पाव्हण्यांच्या भुवया वर गेल्या. मी म्हणालो, "न्हाई न्हाई, जिवंत." आमच्या गावच्या एकानं दांडका उचलला. मी म्हणालो, "आर्धा आऊट."

माळावर हसू फुटलं. मी फौजीच्या कानाला लागलो. "तिकडं काय करत्यात रं आसं झाल्यावर?"

"तिकडं आसं हुतच न्हाई गड्या. बाप आला तरी गोरं जागा सोडत न्हाईत. म्या कवा बघितलंच न्हाई."

"मग मी काय करू?"

"पंच तू. पंच म्हणंल ती पूर्व दिशा."

मी आईकडं बघितलं. ती बायकांत बसली हुती, तोंडाला पदर लावून. ती हसत नव्हती. मला कळलं, गेलं ह्ये स्थळ.

"ये पंच, हिकडं ये," आबा बसल्या जागंवरनं म्हणालं. गेलो.

"तुला काय दिसलं?"

"तुमी दमल्यालं दिसलासा."

"माझं सोड. ह्येचं सांग."

"पोत्यावरनं उतरल्यालं दिसलं."

"कुणी ढकलला?"

"न्हाई आबा. आपल्या पायानं उतरला."

"मग?"

मी डोळं मिटून घेतलं. "बापाला जागा दिली ह्ये पुण्याचं काम हाय. पर हितं पुण्य धरत न्हाईत. पोतं सोडलं, आऊट."

"आन् मी?"

"तुमी बसा. तुमी जिवंत."

लेक तडकला. "आवं आबा, तुमच्यापायी उतरलो की मी!"

"कुणी सांगितलं हुतं? मी गेलो आसतो म्हाघारी. जा, बस बाहेर." मग माझ्याकडं वळून म्हणालं, "मगाशी तीन तीन निवाडं कशापायी दिलंस? कुणाला भ्यालास?"

"तुमाला. आन् गावाला. आन् त्या तिथं आई बसलीया, तिला."

"लय भितोस?"

"लय."

आबा खो खो हसलं. "मग बरं हाय. माझी पोरगी तिखट हाय, न भिणारा तिच्यापुढं टिकायचा न्हाई. आन् इचारलं की खरं बोलतोस. मला तेवढं पुरं. जा, आईला सांग, पोरगी दिली."

मी तिथंच पोत्यापाशी पाया पडलो. मागं कुणीतरी टोला हाणला, पळापळ झाली, आरडाओरडा झाला. पंच पालथा पडल्याला. त्या टोल्याचा निवाडा कधी झालाच न्हाई.

जावई बघताना लोक जमीन बघत्यात, बैल बघत्यात, चार माणसांत उठबस कशी हाय ते बघत्यात. ह्या माणसानं सगळ्या यात्रंदेखत माझं भ्यालेलं तोंड बघितलं, लोक हसत असताना बघितलं, आन् तरी पोटची पोर दिली. पुढं मी सासरवाडीला गेलो की ते मला आपल्या शेजारी बसवायचं आन् आधी माझ्या ताटात वाढाय सांगायचं. माझ्या हातनं त्येंच्यासाठी काय मोठं झालं न्हाई. त्येंनी कवा तशी आस बी धरली न्हाई.