खैतानच्या घरातला बॉयलर कोण बंद करत होतं?

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर करमणूक म्हणूनच. पिंपळ, अमावस्या, मागून येणारे पैंजणांचे आवाज... वाचायचं, बायकोला वाचून दाखवायचं, दोघांनी मिळून हसायचं. मी अकाउंट्सवाला माणूस आहे. दोन बाजू जुळत नसतील तर कुठेतरी कुणीतरी चूक केलेली असते, भुताने नाही, हा माझा धर्म. आजही तोच आहे. त्यामुळे खाली कुणी "मग आता विश्वास बसला का?" असं विचारू नका. मला माहीत नाही. शिवाय सध्या ऑडिटचे दिवस चालू आहेत, वाद घालायची ताकद उरलेली नाही.

मी, माझी बायको मंजिरी आणि डिसेंबरपासून माझी आई, असे आम्ही कुवेतमध्ये खैतानला राहतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्या श्रावणात गेले. मिरजेच्या घरात आई एकटी. फोनवर "मी बरी आहे" एवढंच बोलायची, म्हणून व्हिजिट व्हिसा काढून तिला इकडे आणली. आमचं घर म्हणजे एका जुन्या व्हिलाचा तळमजला. मालक कुवेती, भला माणूस. त्याने स्वतःच्या म्हाताऱ्या आईसाठी इथे फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या टाकून घेतल्या होत्या. ती गेल्यावर तो दुसरीकडे राहायला गेला आणि खालचा मजला आम्हाला दिला.

कुवेत म्हटलं की लोकांना ऊनच दिसतं. ते खरंच आहे म्हणा. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की आम्ही गिझर बंद ठेवून त्यात साठलेलं पाणी गार म्हणून वापरतो. गरम नळाला गार आणि गार नळाला गरम... नवीन पाहुण्याला हे समजावताना नाकी नऊ येतात. पण जानेवारीची थंडी कुणी सांगत नाही. घरं सगळी उन्हाच्या बेताने बांधलेली, आणि फरशी म्हणजे बर्फाची लादी. मंजिरी आणि मी जाड सपाता घालून फिरायचो. आई काही घालेना. तिच्या खोलीतच देव मांडलेले, "देवापुढे कसल्या सपाता?" म्हणून अनवाणीच.

तेव्हा मी तो बॉयलर चालू करायचं मनावर घेतलं.

बॉयलर अंगणातल्या एका छोट्या खोलीत आहे. विजेवर चालणारा. त्याच्यावर पाणी किती तापवायचं त्याचा गोल खटका, बाजूला नळ्यांचा गुंता, घरात प्रत्येक खोलीच्या भिंतीवर एक छोटा पडदा आणि त्यावर सगळी अरबी. मालकाला फोन केला तर म्हणाला, "चालू कर आणि विसरून जा." मी यूट्यूबवर बघितलं, तिथला माणूसही तेच सांगत होता. फरशी तापायला दिवस-दीड दिवस लागतो, मध्ये बंद करायचं नाही. आपल्याला हे पटतच नाही. आपण गिझरवर वाढलेली माणसं. बटण दाबलं, पाणी तापलं, आणि अंघोळीला शिरायच्या आधी बटण बंद. आमच्याकडे तर अण्णांचा या बाबतीत पहाराच असायचा. आत कुणी असो, बाहेरून आवाज यायचाच, "बटण बंद केलंस का?"

तरी मी मन घट्ट करून बॉयलर चालू ठेवला आणि ऑफिसला गेलो. संध्याकाळी येऊन बघतो तर हॉल गारच. अंगणात जाऊन खोली उघडली. भिंतीवरचा मोठा मेन स्विच, हाताने फिरवायचा असतो तो, बंद.

मला वाटलं मीच विसरलो असेन. डोकं ठिकाणावर नव्हतंच. परत चालू केला. दुसऱ्या संध्याकाळी परत बंद.

"आई, तू गेली होतीस का अंगणात?"

"मी कशाला जातेय? किल्ली तुझ्या खिशात असते ना?"

होती, माझ्याच खिशात. दुसरी किल्ली मालकाकडे, आणि तो त्या आठवड्यात उमऱ्याला, मक्केच्या यात्रेला गेलेला. आपोआप पडणारा स्विच असता तर मी समजू शकलो असतो, पण हा तसला नव्हता. जोर लावून फिरवावा लागायचा. मंजिरी म्हणाली, "अरे, तूच निघताना सवयीने बंद करत असशील." चिडचिड झाली, पण तिचं म्हणणं नाकारता येईना.

घर तापत नाही म्हणून मी अजून एक शहाणपणा केला. चालतोय तेवढ्या वेळात तरी तापू दे म्हणून पाण्याचा खटका जवळजवळ टोकापर्यंत नेऊन ठेवला. गिझरचं डोकं, दुसरं काय! आणि स्विच चालूवर फिरवून त्यावर काळी इलेक्ट्रिक टेप ताणून चिकटवली. मंजिरीला उभं करून दाखवली, म्हटलं आता तू साक्षीदार.

संध्याकाळी आम्ही दोघं मिळून गेलो. स्विच बंद होता. टेप सोलून काढलेली होती, फाडलेली नव्हती. बाजूच्या पाइपवर नीट चिकटवून ठेवली होती, आणि पुढच्या वेळी नख न लावता उचलता यावी म्हणून तिचं टोक दुमडलेलं होतं.

टोक दुमडायची सवय अण्णांची. मी लगेच मनाला बजावलं की महाराष्ट्रातले अर्धे पुरुष टेपचं टोक दुमडतात. मंजिरी मात्र त्यानंतर अंगणात आली नाही.

आईला सांगायचं नव्हतं, पण तिने आमचे चेहरे बघून काढून घेतलंच. घाबरली वगैरे अजिबात नाही. वाटीतले शेंगदाणे सोलत म्हणाली, "तुझे वडील असतील. त्यांना जळतं बटण बघवायचं नाही."

"आई, काहीही काय? मिरजेहून इथवर येतील का, बटण बंद करायला?"

"मी नाही का आले?"

मी दमलो होतो. दिवसभर ऑडिटरची बोलणी आणि घरी आल्यावर हे. मला फक्त घर गरम हवं होतं आणि आईला थंडी वाजायला नको होती.

शुक्रवारी सुट्टी. सलीमभाईंना बोलावलं. ते दापोलीकडचे, खैतानमध्येच त्यांचं एसी दुरुस्तीचं दुकान आहे. आल्या आल्या म्हणाले, "शिरीषभाय, मी एसीवाला. हिकडं लोक घर गार करायला मला बोलावतात. ह्या फरशीतला मला काय जास्त समजत नाय."

"स्विच तरी बघा."

त्यांनी बघितला, चार-पाच वेळा खटाखट फिरवला. "लूज असेल. बदलून टाकू, कटकट नको." नवा स्विच बसवायला आणि मग बाकीचं बघण्यात सगळी सकाळ गेली. नव्या स्विचवर बॉयलर छान घुमत होता. आम्ही दोघं तिथेच, तो बंद होणार कसा? जुना स्विच सलीमभाईंनी हौसेने खोलून बघितला आणि मान हलवली. "ह्याच्यात तर काय बिघाड नाय वो."

मला बॉयलरपाशी बसवून ते जुम्म्याच्या नमाजेला गेले आणि परत आले, तेव्हा मंजिरीने चहा ठेवला होता. आई तिच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत बसून जप करत होती. आम्ही तिथेच कप घेऊन गेलो. हॉल अजून गारच होता, म्हणून मी म्हटलं निदान इथली फरशी तापली का बघू, आणि सपाता दाराशी काढून वाकून आईच्या खुर्चीपाशी हात टेकला.

हात झटकन वर आला. ठेवताच येईना.

आईचे दोन्ही तळपाय त्याच फरशीवर सपाट टेकलेले होते.

"आई, पाय उचल!"

"का रे?"

"फरशी केवढी तापलीय! चटका बसत नाहीये तुला?"

"कुठे तापलीय?" आई शांतपणे म्हणाली. "मला तर गारच लागतेय."

मी तिचे पाय दोन्ही हातांनी उचलून खाटेवर ठेवले. तळवे लाल झाले होते आणि टाचेवर एक फोड आला होता. तिला त्याचा पत्ताच नव्हता. सलीमभाई चहा तसाच टाकून बॉयलर बंद करायला धावले.

मग एकेक कळत गेलं. बॉयलरचं कढत पाणी फरशीत जाण्याआधी त्यात गार पाणी मिसळणारा एक वॉल्व्ह असतो, तो कधीचाच जाम झालेला होता. हॉलच्या नळ्या बंद, त्यामुळे सगळं कढत पाणी थेट आईच्या खोलीत. वर मी खटका टोकाला नेलेला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, तिच्या जुन्या मधुमेहाने पायांची जाणीव गेली आहे, आणि फोड एकच आहे हे नशीब. दिवसभर अशा फरशीवर पाय राहिले असते तर पाय कापायची वेळ आली असती. आणि आई तर रोज दिवसभर त्याच खुर्चीत एकटी बसायची. मी रोज बॉयलर चालू करून जात होतो. रोज तो बंद होत होता. बंद नव्हता तो फक्त त्या सकाळी, जेव्हा आम्ही दोन शहाणे त्याच्यासमोर पहारा देत होतो.

घरी आल्यावर मी आईला विचारलं, "पाय बधिर आहेत हे सांगितलं का नाहीस?"

"त्यांना माहीत होतं की. रोज संध्याकाळी चष्मा लावून, बॅटरी घेऊन माझे तळवे बघायचे. बोटांच्या बेचक्यासुद्धा. ते गेल्यावर आता कुणाला सांगायचं? तू दमून येतोस."

मला रडू आलं. लपवण्यासारखं त्यात काही नाही. त्या दिवसापासून तळवे मी बघतो. वॉल्व्ह नवीन बसवला, हॉलच्या नळ्या उघडल्या, खटका खाली आणला. घर आता एकसारखं कोमट असतं. फोड बरा झाला.

स्विच पुन्हा कधीच बंद झालेला नाही. याचं उत्तर माझ्याकडे नाही. जुना स्विच सैल होता म्हणावं तर सलीमभाई नाही म्हणतात, आणि सैल स्विच टेप सोलत नाही. मंजिरीने विचारायचं सोडलंय. आई मात्र रोज विचारायची. मी तिचा पाय मांडीवर घेतला की हळूच म्हणायची, "आज बंद होता का रे?"

"नाही गं. चालू होता."

"बरं," म्हणायची आणि तोंड फिरवून खिडकीकडे बघत बसायची.

काल ऑफिसमधून फार उशिरा सुटलो. तिने तेच विचारलं. मी म्हटलं, "हो. बंद होता आज. मी केला चालू."

आईचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "बघ," म्हणाली, "मी म्हणत नव्हते?" आणि दुसरा पाय आपणहून पुढे केला.

तिचं झाल्यावर मी किल्ली घेतली आणि अंगणात जाऊन खोली उघडून बघितलं.

चालूच होता.