ठकीचे गिऱ्हाईक

युसूफ वडगाव या गावच्या बाजारात एक विक्रेता जुन्या वस्तू विकत असे. गिऱ्हाईक वस्तूचे काय करणार, हे कळल्याशिवाय तो किंमत सांगत नसे. एकदा उत्तर न पटल्यामुळे त्याने एका पुढाऱ्याच्या हातातून अडकित्ता काढून घेतलेला मी पाहिला आहे.

मी बाहुल्या जमवतो. ही गोष्ट मी घराबाहेर बोलत नाही. माझ्या संग्रहात जुनी लाकडी ठकी नव्हती. वीस वर्षे शोधली. ती त्या दिवशी त्याच्या गोणपाटावर दोन कंदिलांच्या मध्ये उभी होती.

लुंगीच्या टोकाने तिचे तोंड पुसत त्याने विचारले, "कावून पायजे?"

"नातीसाठी," मी खोटे बोललो.

त्याने ठकी पाठीमागे ठेवली. "लेकराला न्हाई देत, चाचा. लई म्हातारी हाय ही. दोन दिवसांत मुंडकं अलग व्हईल."

शेजारी माझा एक जुना विद्यार्थी, आता स्वतः मुख्याध्यापक, कांदे निवडत होता. मी आवाज खाली आणला. "मला स्वतःला हवी आहे."

"जरा जोरात बोला."

मी जोरात बोललो. मुख्याध्यापकांनी कांदे खाली ठेवून मला नमस्कार केला.

"आता कसं!" तो म्हणाला. "लाजत नेलेली चीज कपाटात कुजती, चाचा." त्याने ठकी वर्तमानपत्रात गुंडाळली, पण तोंड उघडे ठेवले.

केजच्या बसमध्ये मी तिला मांडीवर बसवले. कंडक्टर थबकला. "बाहुली कुणाची, बाबा?"

"माझी," मी म्हणालो आणि तिकीट मागितले.