अकरावी बाटली

अमावस्येला नवरा गाडीपुढे नारळ फोडतो आणि मी त्या खोबऱ्याची चटणी करते. भुताखेतांशी माझा संबंध एवढाच. वय बावन्न, राहणार डोंबिवली पूर्व, गेली सव्वीस वर्षं प्रयोगशाळेत नोकरी. जे दिसलं ते वहीत लिहायचं, नाही दिसलं ते लिहायचं नाही, हा माझा धर्म. तरीही हे इथे लिहितेय... कारण शेवटी सांगते.

आमची लॅब एमआयडीसीत, फेज टूला, पहिल्या मजल्यावर. भाजलेल्या जखमेवर लावायच्या जेलवर आमचं संशोधन चालतं. सोपं करून सांगायचं तर गरम पाण्यात एक पावडर विरघळवायची आणि निवू द्यायची. तिचे रेणू आपले आपण एकमेकांना धरतात, केसाहून कितीतरी बारीक धागे होतात, धाग्यांचं जाळं होतं आणि पाणी त्यात अडकून बसतं. कोणी विणत नाही, कोणी ढवळत नाही. दही लागतं तसं. आम्ही विचारतोही तसंच - "लागलं का?"

ते बघायची रीत अगदी घरगुती. काचेची छोटी बाटली उलटी करायची. आतलं जेल तळाला धरून वरच राहिलं तर लागलं, झाकणावर आलं तर नाही. अशा दहा बाटल्या, आणि शेजारी अकरावी नुसत्या पाण्याची, तुलनेसाठी. ती सरळच ठेवायची. पाणी काय लागणार?

हे काम म्हात्रे काकांचं. शीळफाट्याजवळच्या गावातले, आमचे सगळ्यात जुने असिस्टंट. बाटल्या रॅकमध्ये ठेवल्या की सगळ्यांना बाहेर काढायचे.

"त्याचेकरं बगू नको बाय, लाजतंय तं."

"काका, जेल आहे ते. नवरी नाही."

"मंग बस बगत. बगून लागतंय का तं बग."

काकांचा चष्मा कायम ड्रॉवरमध्ये. त्यामुळे चाळीस मिनिटांनी टिक-टिक करत बाटल्या उलट्या करताना ते अकरावीही उलटी करायचे. मग मी ओरडायचे, "काका, ती पाण्याची! चष्मा लावा!" हे जवळजवळ रोजचं.

गणपती झाले आणि काका गेले. झोपेतच. त्यानंतर सहा आठवडे आमची एकही बाटली लागली नाही.

पाणी बदललं, पावडर नवी मागवली, थर्मामीटर तपासून घेतला. काही नाही. या जेलवर ऋतुजाची पीएचडी उभी होती. टिटवाळ्याची मुलगी, तिसरं वर्ष. तिच्या गाइड सरांनी स्पष्ट सांगितलं, "सोमवारी माझ्यासमोर दहाच्या दहा लागल्या पाहिजेत. नाहीतर प्रोजेक्ट बंद. दुसरा विषय शोध."

ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "मॅडम, घरी स्थळं बघून ठेवलीयत. थीसिससाठी थांबलेत फक्त. हे बंद झालं ना, तर मला परत कोण पाठवणार?"

"रडून जेल लागत नाही," मी म्हटलं. "शुक्रवारी ये."

शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी. ट्रक नाहीत, हादरे नाहीत. आम्ही दोघीच. दुपारी बाराला अकरा बाटल्या रॅकमध्ये ठेवल्या, दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या खोलीत डबा खायला बसलो. आत जायला ते एकच दार, आमच्या डोळ्यांसमोर. खिडक्या एसीसाठी कायमच्या बंद केलेल्या.

चाळीस मिनिटांनी आतून आवाज आला. टिक.

ऋतुजाचा घास हातातच राहिला. टिक... टिक... काचेची बाटली रॅकमध्ये उलटी ठेवल्यावर येतो तोच. सवयीने मी मोजत गेले. अकरा.

आत गेलो. कोणी नव्हतं. अकराच्या अकरा बाटल्या उलट्या. दहांमध्ये जेल वर, घट्ट. मी अकरावी उचलली. तिच्यावर माझ्याच अक्षरात "पाणी". आणि ते पाणीही वर. तळाला धरून, खाली रिकामी काच. नखाने टिचकी मारली तर दह्यासारखं थरथरलं.

"मॅडम, चुकून पावडर गेली असेल यात..."

"मी स्वतः भरलीय."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, रोजचं, रोजच्याच सुरात - "काका, ती पाण्याची. चष्मा लावा."

पाणी झाकणावर आलं. सावकाश, एका बाजूने, कोणी हात काढून घ्यावा तसं.

मी तीच बाटली त्या दुपारी वीसेकदा उलटी केली. दर वेळी पाणी सरळ खाली. हवेचा दाब, काचेचा चिकटपणा, सगळं डोक्यात फिरवून झालं. एवढ्या रुंद बाटलीला यातलं काहीच लागू पडत नाही.

सोमवारी सर फोनचा कॅमेरा चालू करून रॅकवर वाकले.

"सर, बाहेर चला. चहा घेऊ."

"अहो, मला बघायचंय!"

"बघून लागत नाही," मी म्हटलं. कोणाचं वाक्य बोलले ते मला बोलल्यावर कळलं. निघताना मी ड्रॉवरमधला काकांचा चष्मा काढून रॅकशेजारी ठेवला. ऋतुजाने पाहिलं.

चाळीस मिनिटांनी आत आलो तेव्हा सगळ्या बाटल्या सरळच होत्या. ऋतुजाने एकेक उलटी केली. दहाच्या दहा लागलेल्या. सर खूश, प्रोजेक्ट चालू, स्थळं सध्या थांबलीयत. चष्मा अजून तिथेच ठेवते. का ते मला विचारू नका, मला सांगता येणार नाही.

मला झोपू देत नाही ती शुक्रवारची वही. तिथे मी लिहिलंय - "अकरावी बाटली, पाणी : लागली नाही." खाली माझी सही. लिहिलं तेव्हा खरंच पाणीच होतं, म्हणजे खोटं काही नाही. पण पूर्ण लिहिलं असतं तर पाणीही लागलं म्हणून त्या दिवसाचा प्रयोग रद्द, सोमवारच्या निकालावरही संशय, आणि ऋतुजा घरी. सव्वीस वर्षांत जे दिसलं ते मी वहीत लिहिलं नाही, असं एकदाच झालं.

ते इथे लिहिलं.