रिकाम्या खुर्चीचा पहारा

तहसील कचेरीतला कारकून जेवायला उठला, तसा समोरचा म्हातारा माजी सैनिक त्याच्या रिकाम्या खुर्चीशेजारी जाऊन ताठ उभा राहिला. एका दाखल्यासाठी बँकेने त्याला सैनिक कार्यालयात धाडलं होतं आणि सैनिक कार्यालयाने इथे.

"बसा की, आजोबा," रांगेत त्याच्यामागे उभी असलेली मी म्हणाले.

"दुसरा आल्याशिवाय पहारा सोडायचा नसतो, बाई."

कारकून परतला. "काका, हे आमच्याकडे येत नाही. बँकेत विचारा."

"विचारतो. पण तिथे मला कुणाच्या ताब्यात देताय?"

कारकुनाने पंखा वाढवला.

हल्ली कुठल्याही कचेरीत रिकामी खुर्ची दिसली, की तिच्याशेजारी तो मला उभा दिसतो. त्याच्या जागी पहाऱ्याला अजून कुणी आलेलं नसतं.