निळ्या रेषेच्या आत

टेम्पोत सगळ्यात शेवटी शिलाई मशीन चढलं. माझी मुलगी पुढे तिच्या बापाच्या मांडीवर बसली होती. माझे सासरे, आबा, दारातच उभे होते. मी पुन्हा खाली उतरले. "आबा, चला ना सुरतेला." त्यांनी समोरच्या सुकानानांच्या बंद दाराकडे पाहिलं. "सुका आठेच शे, गल्लीमा. मी कसा येऊ?"

सुरतेला आलेल्या माझ्या माणसांनो, आणि अजून तापीकाठी राहिलेल्यांनो, गल्ली कशी रिकामी झाली हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी लिहिते. बोलायला कुणी उरलं नाही.

पूररेषा आखायला साहेब लोक आले होते. तीन पायांवर यंत्र उभं करून मापं घेत, म्हाताऱ्यांना विचारत, मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं होतं? लोक घुटमळत होते. आबांना मात्र पुराची गोष्ट सांगायला फार आवडायचं. साहेबांचा हात धरून ते मारुतीच्या देवळात गेले आणि भिंतीवर बोट ठेवलं. "आठलोंग पानी उनं व्हतं." साहेब भले होते. त्यांनी आबांचे आभार मानले, माझ्या हातचा चहा घेतला.

मग ग्रामपंचायतीत नकाशा लागला. आमची अख्खी गल्ली निळ्या रेषेच्या, म्हणजे पूररेषेच्या, आत. तिथे नवं बांधकाम करायचं नाही. आमच्या घरकुलाचं जोतं भरून झालं होतं, ते तसंच राहिलं. आता त्यावर एरंड उगवलाय. वर गायरानात प्लॉट मिळतील म्हणाले. गायरानात अजून शेळ्याच चरतात.

सुकानाना आबांचे लहानपणापासूनचे सोबती. त्यांच्या मुलाला बघायला शिरपूरहून पाहुणे आले. पडकी भिंत पाहून मुलीच्या मामाने विचारलं, नवी कधी बांधणार? बांधता येत नाही म्हटल्यावर पोहे अर्धे टाकून उठले. मुलगा कामाला म्हणून गेला, तो परत आलाच नाही. पाहुणे उठून गेले त्या संध्याकाळी सुकानाना गल्लीच्या मधोमध उभे राहून आबांना म्हणाले, "तूच दाखाडं, निंबा. तुना बोटनी आमले बुडाडं." त्यानंतर ते आबांशी बोलले नाहीत.  आबा जेवताना एकदाच म्हणाले, "मी खोटं बोलाले पाहिजे व्हतं का?" मी भाकरी थापत राहिले. 

एकेक घर उठलं. आम्हीही उठलो.

इथे सुरतेच्या उधन्यात मी साड्यांना खडे चिकटवते. सगळे मला बेन म्हणतात. नदी तीच, पण पुलावरून दिव्यांत बघितली की ओळखू येत नाही. आमची खोली पाण्याच्या रेषेत येते का, असं मालकाला विचारलं, तर हसला. "बेन, भाडुं सस्तुं छे ने?" मीही हसले. दुसरं करणार काय?

गेल्या पावसाळ्यात तिकडे गावाच्या वरच्या धरणाचे दरवाजे उघडले. गावातले लोक उंचावरच्या शाळेत गेले. आबा सुकानानांच्या दाराशी गेले आणि हाका मारत राहिले, "सुका, चाल, बठ्ठा गयात." दार उघडलं नाही. आबा तिथेच ओट्यावर बसले. पाणी मांड्यांपर्यंत चढलं. शेवटी गावातल्या पोरांनी दार तोडून दोघांना उचलून नेलं. शाळेत दोघे दोन भिंतींना तोंडं करून पडले होते, असं शेजारीण फोनवर म्हणाली. पाणी ओसरल्यावर दोघेही गल्लीत परतले. आपापल्या घरातला गाळ काढला. आपापल्याच.

मग नवे साहेब आले. यंत्र तसंच, प्रश्न तोच. गल्लीत विचारायला दोनच माणसं. सुकानानांनी दार लावून घेतलं. आबा म्हणाले, "माले काही याद नही."

हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, आनंदाने नाही, लाजेनेही नाही. ज्या माणसाच्या मांड्यांवरून आत्ताच पाणी गेलं होतं, त्याला काही आठवत नव्हतं. म्हणजे पुढच्या नकाशात आमची गल्ली कदाचित कोरडी दाखवतील. आणि ते दोघे तिथेच असतील.

परवा माझ्या मुलीने फोनवर हट्ट धरला, आबा, पुराची गोष्ट सांगा.  आबा म्हणाले, "कोनता पूर, बेटा?"

आता पाऊस लागला की मी फोन करून एवढंच विचारते, जेवलात का? ते म्हणतात, हा. एवढंच आमचं गाव उरलंय.