उंबरठ्यावरची शिंक

माझा पहिला मुलगा आठ महिन्यांचा झाला आणि आमच्या घरातली झोप उडाली. त्याच्या हिरड्या सुजून लाल झाल्या होत्या, लाळेनं गळा सदा ओला, आणि दिवेलागण झाली की रडणं सुरू. जवळ घेऊन पदराखाली थोपटलं की क्षणभर गप्प व्हायचा, आणि मग असा किंचाळायचा की गोठ्यातले बैल उठून उभे राहायचे. लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळत नसे. अंधारातच त्याला खांद्यावर घेऊन मी अंगण झिजवलं. महिनाभरात माझे डोळे खोल गेले आणि पोराचं तोंड एवढंसं झालं. दात तर सगळ्यांच्याच पोरांना येतात, मग माझ्याच वाट्याला हे का? देव्हाऱ्यात रोज फूल वाहते ते कुणी बघतं तरी का, असंही मनात यायचं.

आमची शेती नंदुरबारच्या शिवारात. घरामागे मिरचीची पथारी, म्हणजे ओली लाल मिरची उन्हात पसरायचं मोकळं आवार. त्या पथारीवर माझा शब्द चालायचा, हे मी आजही ताठ मानेनं सांगते. मिरची कानाशी हलवून, आतल्या बियांच्या आवाजावरून ती वाळली की नाही हे मी सांगत असे, आणि व्यापारी त्यावर वाद घालत नसत. मिरचीचा हात पोराला लावू नये, हेही मला कुणी शिकवायला नको होतं. काम आटोपलं की हात आधी तेलानं चोळायचे, मग राखेनं, मग ताकानं. त्यामुळे शेजारीण एकदा म्हणाली, "मिरचीना हात लागना व्हई," तेव्हा मी तिला चांगलंच फटकारलं. सासूबाईंनी दृष्ट काढली. चुलीत टाकलेल्या मिरचीचा ठसका लागला नाही तर दृष्ट होती असं समजायचं. पण आमच्या घरात ठसका बारा महिने, तेव्हा कळणार काय?

शेवटी मी तोरणमाळच्या गोरखनाथापुढे पदर पसरला. नाथा, पोराला झोप दे, महाशिवरात्रीला त्याला कडेवर घेऊन पायी घाट चढेन आणि भंडाऱ्याला आमच्या पथारीची निवडक मिरची आणेन. 'निवडक' हा शब्द मी मुद्दाम घातला. मिरची कुणाची आहे ते देवालाही कळायला हवं होतं.

निघायच्या दिवशी गाडी जुंपली. पोराचा पापा घ्यायला सासूबाई उंबरठ्यावर वाकल्या, माझ्या खांद्याशी तोंड आणलं, आणि त्यांना जोराची शिंक आली. त्यांचा चेहराच उतरला.

"आज जाऊ नको व माय," त्या म्हणाल्या. "शिंक आडी उनी. देव नही म्हनी ऱ्हायना."

"नवस बोलेल शे, आत्याबाई," मी म्हणाले. "आते मांगे कशी फिरू?"

आमच्या मालकांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "बठ गाडीमा," एवढंच म्हणाले.

प्रकाशाला तापी ओलांडली, शहादं मागे पडलं. नवं लुगडं वर पोचल्यावर नेसायचं म्हणून गाठोड्यात ठेवलं होतं. अंगावर रोजचंच, पण स्वच्छ धुतलेलं. वाटभर मी देवाच्या मिरचीच्या पोत्याला टेकून पोराला थोपटत बसले. रडून रडून त्याचा आवाज घोगरा झाला. ती शिंक काही डोक्यातून जाईना. देवानं आधीच नको म्हटलं होतं आणि मी हट्टानं निघाले. आता पोराचं काही बरंवाईट झालं तर घरी कुठल्या तोंडानं जाऊ?

पायथ्याशी गाडी सोडली. मालकांनी पोतं खांद्यावर घेतलं, मी पोर घेतलं. भर दुपारी एका वळणावर मी दगडावर बसले. म्हणाले, नाथा, माझ्यानं आता होत नाही, तूच बघ. नवसात मी एवढं बोलले होते, पण हे कधी म्हटलं नव्हतं.

मागून यात्रेला निघालेली डोंगरातली एक पावरा आदिवासी बाई आली. गळ्यात चांदी, डोक्यावर टोपली. तिची बोली मला कळेना, माझी तिला. तिनं टोपली उतरवली आणि हात पुढे केले. एरवी मी अनोळखी हातात पोर दिलं नसतं. त्या वेळी दिलं. माझ्या पदराचं टोक त्याच्या तोंडात होतं. ते सोडवायला ती वाकली आणि शिंकली. लगेच दुसऱ्यांदा शिंकली. मग तिनं ते टोक नाकाशी नेलं, पोत्याकडे पाहिलं, पोराच्या लाल ओठांवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघून हसू लागली.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पथारीवर दिवसभर मी तोच पदर नाकातोंडावर बांधत होते. लुगडं रोज धुवायचे, पण वाळत घालायचे पथारीच्याच कडेच्या दोरीवर. हिरड्या शिवशिवल्या की पोर ते टोक चावायचं. हातांना तेल, राख, ताक, आणि पदर तसाच! शरमेनं माझी मान वर होईना. त्या बाईनं तुंब्यातल्या पाण्यानं त्याचं तोंड धुतलं, आपल्या फडक्याचं टोक भिजवून त्याला चावायला दिलं. चावता चावता तो तिच्या खांद्यावर झोपला. वरपर्यंत तिनंच त्याला आणलं, आणि दर्शनाला त्याला उठवावं लागलं. पोराला उठवावं लागलं, याचा मला केवढा आनंद झाला! मागे वळून पाहिलं तर ती बाई गर्दीत मिसळून गेली होती. तिचं नाव मला आजही ठाऊक नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, नाथानं काय केलं? चमत्कार सांगून मोकळी झाले असते, आणि माझं नाकही वर राहिलं असतं. पण ज्यानं झोप दिली त्याच्या बाबतीत खोटं बोलवेना. चूक माझ्या पदराची होती, असं मी सगळ्यांसमोर सांगितलं. सासूबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

"म्हंजे मन्ही शिंक खरी व्हती! नाथ मन्हा नाकमधून बोलना, नि तू ऐकं नही!"

दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या गल्लीला ऐटीत हे सांगत होत्या, आणि मी त्यांना अडवलं नाही.

पुढेही दात येत राहिले. पोर रडलं, पण दात येण्याचं जेवढं रडायचं तेवढंच, आणि मग झोपलं. आता तो उसाचं कांडं दातांनी सोलतो, तेव्हा मी टक लावून बघत बसते. आमच्या पथारीवर लेकुरवाळ्या बाया नाकाला वेगळं फडकं बांधतात आणि लुगडी लांब, परसात वाळत घालतात. ही रीत मी पाडली, याचा मला मिरचीच्या पारखीपेक्षा जास्त अभिमान आहे. खरं तर तोही माझा नाही, त्या दोन शिंकणाऱ्या बायांचा आहे. देव सांगतो तेव्हा आपल्याला हवं तसंच सांगेल असं नाही, एवढं मला कळलं. अजूनही निघताना कुणी शिंकलं तर मी उंबरठ्यावर थांबते, हात जोडते, आणि आधी माझा पदर हुंगून बघते.