एका पोर्टवर दोन गावं

ज्या रविवारी आमच्या दूध संघाच्या डॉकवर, म्हणजे गावोगावचं दूध उतरवून घ्यायच्या ओट्यावर, दूध गटारात ओतावं लागलं, त्या दिवशी सर्व्हरला हात मी लावला होता. त्याचा दोष आला तो आमच्या नेटवर्क बघणाऱ्या ताईंवर. त्या निर्दोष होत्या. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

माझी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झाली. घोडेगाव, सोनई, बेलापूर, सगळीकडच्या एक्स्चेंजमध्ये मी काम केलं. तिथं एक रीत होती. लाईनला हात लावण्याआधी मोठ्यानं सांगायचं, "हात लावतोय." समोरचा म्हणायचा, "लाव." उत्तर आल्याशिवाय पक्कड उचलायची नाही. निवृत्तीनंतर दूध संघानं मला कॉम्प्युटरच्या खोलीत बसवलं, तेव्हा ही रीत मी तिथंही आणली. ताई वयानं माझ्या मुलीएवढ्या. कंत्राटावर होत्या आणि स्विच, वायरी, नेटवर्क सगळं त्यांच्याकडे. स्विच म्हणजे सगळ्या यंत्रांच्या वायरी ज्यात येऊन मिळतात तो डबा, आणि वायर खोचायचं त्यातलं प्रत्येक भोक म्हणजे पोर्ट. पहिल्या आठवड्यातच मी त्यांना सांगितलं, "ताई, इथं हात लावायचा तर ओरडून लावायचा." त्या हसल्या, पण पाळत राहिल्या. कधी कधी मी एकटाच खोलीत असलो तरी दारातून ओरडायच्या, "काका, हात लावतेय हो!" मीही आतून ओरडायचो, "लावा!"

एक मोठा सर्व्हर होता. त्याच्या पोटात चार-पाच मशीन चालायची, खरी नव्हेत, भासाची. एक डॉकवरच्या वजनाचं, एक फॅट तपासणीचं, एक हिशेबाचं, अशी. सर्व्हरचं नेटवर्क कार्ड एकच, पण ते स्वतःची अनेक कार्डं करून दाखवायचं आणि प्रत्येक मशीनला एकेक देऊन टाकायचं. या भासाच्या मशीनना नावं मी दिली होती. वजनाचं घोडेगाव, फॅटचं सोनई, हिशेबाचं बेलापूर. सर्व्हरचं नाव नगर. जुन्या एक्स्चेंजच्या बोर्डावर तशाच चिठ्ठ्या असायच्या.

आता त्या दिवशीची चूक समजायची तर एवढंच ध्यानात घ्यावं लागेल. नेटवर्कवरचं प्रत्येक यंत्र ठरावीक वेळानं आपल्या शेजाऱ्याला हाक देतं, 'मी अमुक, तुझ्या अमुक पोर्टवर आहे.' त्याला एलएलडीपी म्हणतात. स्विच त्या हाका ऐकून शेजाऱ्यांची नावं पडद्यावर दाखवतो. आमच्या सर्व्हरच्या पोर्टवर कायम एकच नाव दिसायचं, नगर. कारण भासाच्या कार्डांच्या हाका ते खरं कार्ड बाहेर जाऊच देत नसे. घरात माणसं पाच, पण दारावर पाटी कर्त्याची, तसं. मला ते खटकायचं. सगळी गावं पडद्यावर एकाखाली एक दिसावीत, एवढीच इच्छा होती. कामाला त्याचा काही उपयोग नव्हता.

ताईंनी स्विचला एक नियम घातला होता: एका पोर्टवर एकच शेजारी. दुसऱ्याची हाक आली की पोर्ट आपोआप बंद. त्यालाही कारण होतं. हिशेब खात्यातल्या कुणीतरी घरून तसलाच स्वस्तातला डबा आणून वायरीत जोडला होता आणि सगळी इमारत ठप्प झाली होती. नियम घातला तेव्हा ताईंनी चहा पिताना मला तो नीट समजावून सांगितला होता. मी "हो, हो" म्हटलं. मला वाटलं, हा नियम टेबलांवरच्या पोर्टांसाठी असेल. सर्व्हरचं पोर्ट म्हणजे आपलं, घरचं.

वैशाखातला रविवार होता. ताई रविवारी यायच्या नाहीत, बेलापूरला चर्चला असायच्या. त्या दिवशी त्यांच्या भाच्याचा बाप्तिस्मा होता. दुपारनंतर मी खोलीत एकटाच होतो. भासाच्या कार्डांना आपापली हाक बाहेर देण्याची परवानगी कशी द्यायची हे मी वाचून ठेवलं होतं. दिली. ओरडलो नाही. कुणाला ओरडून सांगणार, असं मनाशी म्हटलं.

स्विचकडे बघण्याची मला मुभा होती, बदलण्याची नव्हती. मी बघत बसलो. नगरच्या खाली घोडेगाव उमटलं. फार बरं वाटलं. मी सोनईची वाट बघत होतो, तेवढ्यात डॉकवरून फोन आला.

"ओ काका, काटा मेला का काय? आकडाच येईना. हितं टेम्पो लागल्यात."

डॉकवरचा मुकादम. संध्याकाळचं दूध यायला लागलं होतं. ज्या गावांत थंड करायची टाकी नाही, तिथलं दूध कॅनमधून कोमटच येतं. ते लगेच उतरवून थंड करावं लागतं. आणि हातानं लिहून दूध घेणं संघानं कधीच बंद केलं होतं. पडद्यावर वजन आणि फॅट आल्याशिवाय कॅन पालथा करायचा नाही, असा हुकूम.

नियम सर्व्हरच्या पोर्टलाही होता; दुसरं नाव उमटताच ते बंद झालं होतं. मी परवानगी काढून घेतली. पण बंद झालेलं पोर्ट उघडेना. ते उघडायचं तर ताईंनीच. फोन केला, बंद. बाप्तिस्म्याला बसलेलं माणूस फोन बंदच ठेवणार. पडद्यावरची दोन्ही नावं थोड्या वेळानं आपोआप पुसली गेली. हाक थांबली की स्विच ते नाव विसरतो; दुसरा शेजारी कोण होता, याचा माग उरत नाही. तसा तो विसरणार हे मला ठाऊक होतं, आणि मी त्याची वाट बघितली. 

ताई आल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. अंगावर समारंभाची साडी, स्कूटर तशीच आडवी लावलेली. पोर्ट उघडायला त्यांना मिनिटही लागलं नाही. पण कॅनमधलं दूध फाटलं होतं. मुकादमाची माणसं एकेक कॅन गटारात ओतत होती. फरशीवर दूध पसरलं होतं. ताईंनी चपला काढून बाजूला ठेवल्या आणि मगच त्या डॉकवर चढल्या. दुधावर पाय कसा द्यायचा, म्हणून.

मुकादम म्हणाला, "या म्याडम. सन झाला का साजरा?"

ताई तशाच पुढं निघाल्या. खोलीत येऊन मला म्हणाल्या, "काका, स्विच म्हणतोय पोर्टवर दुसरा शेजारी आला. सर्व्हरच्या पोर्टवर दुसरा कोण येणार? तुम्ही हात लावला होता का?"

मी म्हणालो, "न्हाई बा."

त्यांनी लगेच मान्य केलं. ओरडल्याशिवाय मी हात लावणार नाही, ही त्यांची खात्री होती.

पुढं व्यवस्थापक साहेबांनी बैठक घेतली. पोर्ट ताईंच्या नियमानं बंद झालं, आणि उघडायला ताई नव्हत्या, एवढं सगळ्यांना कळत होतं. दुसरा शेजारी आला होता, हे ताई पुन्हा पुन्हा सांगत होत्या. कुणीतरी म्हणालं, "कोण आला? भूत?" लोक हसले. साहेबांनी मला विचारलं, "तुमचं काय मत?"

"नियम जरा कडकच होता," मी म्हणालो.

हे वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते बोलता आलं. ताईंचं कंत्राट संपवलं.

त्यांना पुण्याला नोकरी धरावी लागली. इतकी वर्षं त्या बेलापूर सोडत नव्हत्या त्या आईसाठी. आई मिशनच्या शाळेत शिक्षिका होत्या, आता गुडघ्यांनी घरात खिळलेल्या. पुण्याला येणार नाही म्हणाल्या. एक शेजारीण त्यांचं बघायची आणि ताई जमेल तसं रविवारी येऊन जायच्या.

मी एकदा त्या बाईंना, ताईंच्या आईंना, भेटायला गेलो. कशाला गेलो, सांगता येत नाही. सांगून टाकायचं मनात असेल. शेजारणीनं चहा आणला, कोरा. बाई म्हणाल्या, "दूध नाही घालत आम्ही. चालेल ना तुम्हाला?" मला वाटलं, डॉक्टरांनी सांगितलं असेल. मी प्यालो. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही तिथं होता. माझ्या मुलीचीच चूक होती का हो?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. मी म्हणालो, "चूक कुणाच्याही हातून होते, बाई."

त्यांनी मान हलवली. शिक्षिकेनं चुकीचं उत्तरही शांतपणे ऐकून घ्यावं तशी. पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्या. ताई पुण्याहून पोचल्या तेव्हा बोलणं संपलेलं होतं. मातीला मी गेलो होतो. मागं उभा राहिलो आणि परत आलो.

यंदा बाईंच्या वर्षाच्या प्रार्थनेला ताई आल्याचं कळलं, तेव्हा घोडेगावच्या माझ्या घरून एसटीनं बेलापूरला निघालो. घर आवरणं चाललं होतं. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं, नगर, घोडेगाव, सोनईची वाट बघणं, सगळं. ताई हातातलं फडकं घडी करत ऐकत होत्या. घडी झाली तरी पुन्हा उलगडून करत होत्या.

फडकं बाजूला ठेवून म्हणाल्या, "म्हणजे दुसरा शेजारी होता."

"होता."

"मला पुढं पुढं वाटायला लागलं होतं, मीच चुकीचं वाचलं असेल." मग म्हणाल्या, "आईनं त्या रविवारपासून दूध सोडलं होतं, काका. लोकांचं दूध माझ्या लेकीच्या हातून गटारात गेलं, मग मी कुठल्या तोंडानं पिऊ, म्हणायची. मी किती सांगितलं. शेवटपर्यंत चहा कोराच."

मी खाली बसलो. त्यांनी पाणी दिलं नाही. द्यावं असं मलाही वाटलं नाही.

"ओरडून हात लावायचा, हे तुम्ही शिकवलंत मला," त्या म्हणाल्या.

"लिहून काढीन म्हणतो. खरं काय ते."

"लिहा. नाव कुणाचं घालू नका, आईचं तर नकोच. पण आधी डॉकवर जाऊन सांगा. तिथं सांगा, जिथं ते हसले."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. कॅनांचा खणखणाट चालला होता. मी मुकादमाजवळ जाऊन सांगितलं, पण त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं कॅनांचा सरकता पट्टा बंद करायला लावला. "आता बोला."

"त्या रविवारी सर्व्हरला हात मी लावला होता. ताईंचा दोष नव्हता."

सगळे कॅन जागच्या जागी थांबले होते. मुकादम माझ्याकडं बघत राहिला. "म्या त्यांना लई लागंल असं बोललो हुतो," तो म्हणाला. "चपला काढून आल्या हुत्या त्या. अन् म्या सनाचं बोललो." मग विचारलं, "त्यांची आई हाय का अजून?"

"नाही."

त्यानं पट्टा सुरू करायची खूण केली. एकाला चहा आणायला सांगितला. मी म्हटलं, "कोरा असला तर घेईन."

"डेअरीत येऊन कोरा चा मागता का काका," तो म्हणाला, आणि चांगला दाट, दुधाचा चहा माझ्या हातात दिला.

तो मी घेतला नाही असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. मी तो प्यालो.